बेघर माणूस विस्थापित होऊ शकतो का?

चौकस: सार्वजनिक उद्यानातून हटवलेल्या माणसांविषयीच्या एका लेखाचा अनुवाद करताना ‘डिस्प्लेस्ड’साठी मी ‘विस्थापित’ लिहिले. ज्याला मुळात घरच नव्हते तो विस्थापित कसा होईल, असे म्हणून संपादकांनी ते खोडले आणि ‘बेघर’ केले. मला हे पटत नाही. बेघर तर ती माणसे आदल्या रात्रीही होती. त्या पहाटे जे घडले त्याला वेगळा शब्द हवा.

जुना वाचक: ‘विस्थापित’मध्ये ‘स्था’ धातू आहे, गृह नाही. रोजचा बाक, ओळखीचा शेजार, जवळचा नळ हेही स्थानच. ‘निर्वासित’ मात्र टाळा. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारातला निर्वासित देशाबाहेर पडलेला असतो. देशातल्या देशात परागंदा झालेल्यांसाठी संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वे १९९८ साली आली.

गीर्वाण: ‘बे’ हा फारसी उपसर्ग हवाच कशाला? ‘अनिकेत’ हा सुंदर शब्द आपल्याकडे आहे.

जुना वाचक: मग ‘बाग’ही फारसी म्हणून सोडावी लागेल. शिवाय गीतेच्या बाराव्या अध्यायात ‘अनिकेतः स्थिरमतिः’ हे भक्ताचे लक्षण म्हणून येते. घराची आसक्ती सोडलेल्याचे विशेषण घर सुटलेल्याच्या माथी मारणे मला क्रूर वाटते. (माझा भाचा अनिकेत घराबाहेर पडायलाच तयार नसतो, हा भाग वेगळा.)

पायवाट: अशा माणसांसोबत मी काही वर्षे काम केले आहे. यातला एकही शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही; ती एवढेच म्हणतात, ‘आम्हाला उठवलं.’ झोपमोड आणि हकालपट्टी एकाच क्रियापदात. एकदा बाकाखालचे बोचके ‘बेवारस सामान’ म्हणून गाडीत टाकले गेले, तेव्हा त्याची मालकीण नळावर पातेले विसळत होती. ती ओल्या हातांनी धावत आली, तोवर गाडी फाटकाबाहेर पडली होती. तिचे ओळखपत्र त्या बोचक्यातच होते.

गीर्वाण: ‘बेवारस’ही मिश्र शब्द आहे. ‘अस्वामिक’ म्हणावे.

पायवाट: म्हटले असते तरी बोचके गेलेच असते.

जुना वाचक: ‘उठणे’चे मूळही उद् आणि ‘स्था’च, म्हणजे ‘विस्थापित’चे सख्खे भावंड.

चौकस: अनुवाद उद्या द्यायचा आहे. ‘उठवलेली माणसे’ लिहिले तर संपादक ते बोलीभाषा म्हणून खोडतील का?

गीर्वाण: ‘उत्थापित’ लिहा.