परराज्यातून आलेल्या हॉटेल कामगाराला ग्रॅच्युइटी मिळते का?

प्रश्न : सावंतवाडीहून १९९३ साली पणजीला आलेल्या माझ्या वडिलांनी एकाच हॉटेलात आधी भांडी घासण्याचे आणि नंतर खोल्या आवरण्याचे काम एकतीस वर्षे सात महिने केले, सोड्याने चिरलेली त्यांची बोटे अजून भरलेली नाहीत. आता मालक म्हणतात की बाहेरच्या कामगाराला ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपल्यावर मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, नसते. हे खरे आहे का?

प्रतिसाद १ : साफ खोटे आहे. हॉटेलात दहा किंवा अधिक कामगार असतील, तर सलग पाच वर्षांच्या नोकरीनंतर हा हक्क मिळतो. अखेरचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये धरले, तर महिन्याचे कामाचे दिवस म्हणून २६ ने भागून आणि दर वर्षाच्या १५ दिवसांच्या वेतनासाठी १५ ने गुणल्यावर एका वर्षाचे ७,५०० येतात, आणि सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरत असल्याने ३२ वर्षांचे २,४०,००० रुपये होतात. नोकरीचा पुरावा म्हणून पगाराच्या चिठ्ठ्या आहेत का?

प्रश्नकर्ता : चिठ्ठ्या कधी दिल्याच नाहीत. मात्र दर चतुर्थीच्या रजेचे, मालकाची सही असलेले अर्ज वडिलांनी बिस्किटांच्या डब्यात जपले आहेत.

प्रतिसाद २ : मग त्या अर्जांच्या प्रती जोडून मालकाकडे लेखी मागणी करावी आणि पोच घ्यावी; दाद न मिळाल्यास पणजीतील पाटो येथील श्रम शक्ती भवनात कामगार आयुक्तालय आहे. मूळ अर्ज कोणाच्याही हाती देऊ नयेत.