आईला घेऊन फ्रान्सला चालले आहे, तिथे काय खाऊ?

भटकभवानी
मंडळी, सप्टेंबरात आईला घेऊन नीस, ल्यों आणि पॅरिस असे दहा दिवस जाणार आहे. आई मांस-मासे खात नाही, अंडं चालतं (आधी फक्त केकमधलं चालायचं, कारण ते दिसत नाही, आता आमलेटपर्यंत प्रगती आहे). जो भेटतो तो ठेपले आणि उपम्याची पाकिटं न्यायला सांगतो. पाकिटं फोडायला एवढ्या लांब कशाला जायचं? तुम्ही स्वतः खाल्लेलं आणि अजून आठवणारं काही असेल तर सांगा. गोडाचं जरा जास्त सांगा, आईला जेवण एक वेळ नसलं तरी चालेल.

ताकभात
दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं याच रस्त्याने गेलो होतो. ठेपले मीही नेले होते. निम्मे तसेच पुण्याला परत आले.

नीसमध्ये उतरल्यावर जुन्या गावात जा आणि सोक्का खा. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, एवढाच मामला. परातीपेक्षा मोठ्या तांब्याच्या थाळ्यात ओततात आणि लाकडाच्या भट्टीत सारतात. समोर आल्यावर हे म्हणाले, "धिरडं खायला व्हिसा काढला होय?" वरून जागोजागी करपलेलं, कडेला कुरकुरीत, आत मात्र थापलेल्या वडीसारखं मऊ. वर भरपूर मिरपूड घालायची आणि हातानेच खायचं. दुसरी प्लेट ह्यांनीच मागवली.

तिथेच एक गोड प्रकार मिळतो, तूर्त द ब्लेत. ब्लेत म्हणजे बिटाच्या जातीची जाड देठाची पालेभाजी. ती बेदाणे, चिलगोज्यासारखे दाणे आणि सफरचंद घालून दोन पाऱ्यांमध्ये भाजतात, वर पिठीसाखर. पालेभाजीचा गोड पदार्थ म्हटल्यावर मी नाक मुरडलं होतं. खाल्ल्यावर गप्प झाले. हिचा तिखटमिठाचा अवतारही असतो आणि त्यात मांस असू शकतं, म्हणून "सुक्रे" म्हणजे गोडच मागा.

ल्योंच्या पारंपरिक खानावळींना बुशों म्हणतात. तिथे आतडी, मासे, सॉसेज यांचं राज्य, आईंना यादी वाचून दाखवू नका. पण "सेर्वेल द कान्यू" मागा. नावाचा अर्थ विणकरांचा मेंदू (ल्यों रेशमाचं गाव, कान्यू म्हणजे तिथले रेशीम विणणारे), वस्तू मात्र निरुपद्रवी: चक्क्यासारखं ताजं चीज, त्यात बारीक कांदा, लसूण, हिरवी पात, थोडं व्हिनेगर आणि ऑलिव्ह तेल. पावाला लावून खाताना मला भाकरीची आठवण झाली.

आणि ल्योंची गुलाबी प्रालीन! बदामावर साखरेचा पाक चढवून केलेली, काटेरी. थेट आपला संक्रांतीचा हलवा, फक्त भडक गुलाबी आणि आत तिळाऐवजी बदाम. ती कुटून सायीत शिजवतात आणि टार्टमध्ये ओततात. रंग बघून मला वाटलं लग्नाच्या पंगतीतली जेली असणार. चव मात्र कॅरॅमल आणि भाजक्या बदामाची. फार गोड आहे, दोघींत एकच घ्या. (हे मी सांगते आहे, पाळलं नव्हतं.)

एक फजिती. एका दुपारी आम्ही सव्वादोनला जेवायला पोचलो. स्वयंपाकघर बंद! तिथे बाराला बसायचं, दोनपर्यंत उरकायचं. रात्री सातच्या आधी जेवण विसरा. शेवटी सोन नदीच्या काठावर बसून "बागेत" नावाचा लांबट पाव, लोणी आणि पीच खाल्ले. खरं सांगू, ते जेवण अजून आठवतं. पाव मोडला की कवचाचे तुकडे साडीभर उडायचे.

कोथिंबीर
सॅलड आणि कीशमध्ये (अंडं-सायीचा खारा टार्ट) "लार्दों" असतात का ते विचारा, डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हटलं की काहीजण मासा आणून ठेवतात. कडक शाकाहारी असाल तर कोंते, रोकफोर ही चीजंही नकोत, त्यांत जनावराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते) असतं. आणि पाण्याची बाटली विकत घेऊ नका, "काराफ दो" म्हटलं की नळाचं पाणी फुकट देतात.

खमंग_काकडी
पॅरिसमध्ये मोंपार्नास स्टेशनजवळ ब्रिटनीवाल्यांची (हा फ्रान्सचाच एक प्रांत) क्रेपची, म्हणजे पातळ धिरड्यांची, दुकानं ओळीने आहेत, त्यांच्याकडच्या गाड्या तिथेच येतात म्हणून. गालेत मागवा, कुट्टूच्या पिठाची असते, अंडं आणि चीज घालून, हॅम नको म्हणून सांगायचं. मग क्विन्यामान मिळाला तर सोडू नका: पावाचं पीठ, खारं लोणी आणि साखर यांच्या घड्या. ब्रेटन भाषेत नावाचा अर्थच लोण्याचा केक. आमच्या लेकाने बोटं चाटून वर कागदही चाटला.

भटकभवानी
सगळ्यांचे आभार, यादी आईला वाचून दाखवली. विणकरांचा मेंदू गाळला. ताकभात, पॅरिसमध्ये गोड काय खाल्लंत ते सांगितलंच नाही?

ताकभात
इल फ्लोतांत. पातळ कस्टर्डच्या तळ्यात अंड्याच्या पांढऱ्याचा फेस तरंगतो, वर कॅरॅमलच्या तारा. चमचा लावला की तो हलतो आणि तोंडात काही उरतच नाही. आईंना दात नसले तरी चालेल.

बाबा ओ रम, म्हणजे रममध्ये भिजवलेला केक, मात्र विचारपूर्वक घ्या. ह्यांनी "बाबा" वाचून मागवला. वेटर रमची बाटलीच टेबलावर ठेवून गेला आणि परत यायला विसरला.

भटकभवानी
आई विचारते आहे, बाटली किती मोठी होती.