अकॉस्टिक आधी, इलेक्ट्रिक नंतर, हा नियम काढला कोणी?

केळीपट्टा_रावेर:
दीड वर्ष झालं अकॉस्टिक, म्हणजे बिनविजेची साधी गिटार वाजवतोय. क्लासचे सर पहिल्याच दिवशी बोलले होते की आधी अकॉस्टिकवर बोटं घासून घे मग इलेक्ट्रिकचं बघू, आणि मीपण मान डोलावली. आता १५ हजार जमलेत आणि वाटतंय की उगाच ऐकलं. मला वाजवायचेत सोलो, बेंड (तार ओढून सूर चढवणं) मारायचेत, आणि माझ्या गिटारवर १२ च्या जाड तारा, अ‍ॅक्शन (मानेपासून तारांची उंची) एवढी उंच की एफ कॉर्ड धरला की दोन तारा मुक्या. मित्राच्या इलेक्ट्रिकवर ९ च्या बारीक तारा होत्या, तिथं तोच एफ पहिल्या झटक्यात खणखणीत. म्हणजे दीड वर्ष मी गिटार शिकत होतो का व्यायामशाळेत जात होतो? माझं म्हणणं, जे वाजवायचंय त्याचीच गिटार पहिल्या दिवसापासून घ्यावी. बोला.

तापीकाठचा:
भो, तुझा एफ वाजला नाही, बारीक तारांनी वाजवून दिला. फरक आहे. अकॉस्टिकवर हात जरा चुकला की लगेच कळतं, लपायला जागाच नाही. इलेक्ट्रिकवाले पोरं थोडं डिस्टॉर्शन (आवाज फाटवणारा इफेक्ट) लावतात न चुका सगळ्या झाकून जातात.
आणि थंडीत शेतात भरीत पार्टी असते तेव्हा काय करशील? काड्या पेटल्यात, वांगी भाजताय, कळण्याच्या पुऱ्या चालूय, कोणी म्हटलं वाजव रे, तर तू म्हणशील थांबा, विहिरीवरून वायर ओढतो?

धुळे_स्टेजवाला:
@तापीकाठचा भरीत वर्षातून चारदा, लग्नाचा सीझन मात्र महिनोन्महिने. मी अहिराणी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. एका बाजूला ऑक्टोपॅड, दुसऱ्या बाजूला कीबोर्ड, मधे अकॉस्टिक घेऊन उभा राहिलास तर कोणाला घंटा ऐकू येत नाही, आणि आवाज वाढवला की मॉनिटरसमोर (स्टेजवरच्या स्पीकरसमोर) पोकळ बॉडी अशी घुमते की साउंडवाला तुझीच लाईन बंद करून टाकतो. माझी दोनदा केली, एकदा तर नवरदेव स्टेजवर असताना. इलेक्ट्रिक निघालीच ह्यापायी ना, १९३२ च्या सुमाराला अमेरिकेत ती विकायला आली कारण बँडच्या गोंगाटात साध्या गिटारचा आवाज बुडायचा. आपलं दुखणं तेच शे.
चुका झाकतात म्हणे! डिस्टॉर्शन लावून बघ एकदा, नको त्या तारेला नुसतं बोट लागलं तरी किंचाळते. उजव्या तळहातानं तारा दाबून ठेवणं हे वेगळंच शिकावं लागतं, ते अकॉस्टिकवाल्याला कोणी शिकवतच नाही.

भुसावळ_पाना_पक्कड:
दोघं भांडा, पण मूळ रोग कोणी बघतच नाहीये. @केळीपट्टा तुझा प्रॉब्लेम अकॉस्टिक नाही, सेटअप आहे. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) जाड तार किती वर आहे मोज, ३ मिलिमीटरच्या पुढं असेल तर सॅडल (बॉडीवर तारा टेकतात ती पट्टी) घासून घे, ११ च्या तारा टाक, एफ निम्मा सोपा होईल. नवी गिटार बॉक्समधून काढून तशीच वाजवणारे फार आहेत इकडं.
दुसरं म्हणजे आपला उन्हाळा. ४५ डिग्रीत कोरड्या हवेनं लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात, सॉलिड टॉपला (अखंड लाकडाच्या वरच्या फळीला) चीर पण जाऊ शकते. पावसाळ्यात उलट, टॉप फुगतो न अ‍ॅक्शन वर जाते. बंद गाडीत ठेवली तर ब्रिजचा गोंदच सुटतो, असल्या गिटारी दर मे महिन्यात येतात माझ्याकडं. इलेक्ट्रिकची बॉडी भरीव, तिला हा त्रास कमी, मान तेवढी हलते. त्यामुळं आपल्या हवेत अकॉस्टिक घ्यायची तर लॅमिनेट (लाकडाचे थर चिकटवलेली) घ्या, सॉलिडची हौस केसमधे ओलावा सांभाळणाऱ्यानंच करावी.

तापीकाठचा:
बरं, अन इलेक्ट्रिकची गुणगुण? माझ्या भाच्यानं घेतली सिंगल कॉइलवाली (तारांचा आवाज टिपणारी कॉइल एकेरी), घरात अर्थिंगच धड नाही, अ‍ॅम्प चालू केला की म्म्म्म्म सुरू. तारांना हात लावला की कमी, सोडला की पुन्हा. आज्जी विचारते फ्रीज बिघडला का.

धुळे_स्टेजवाला:
😂 आपली लाईट ५० हर्ट्झ, तिची दुप्पट १०० त्या गुणगुणीत असते, आणि जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी सूर असतो ९८ हर्ट्झ. म्हणजे भाच्याला जीचा तानपुरा फुकट मिळाला, तोही जरा चढा. हंबकर (गुणगुण मारणारी जोडकॉइल) असलेली घ्यायची ना, १९५५ मधेच त्यावर इलाज निघालाय. आणि अर्थिंग नीट करून घ्या बुवा, ती गिटारसाठी नाही, जिवासाठी लागते.

केळीपट्टा_रावेर:
पानापक्कड भाऊ, मोजलं. साडेतीन. सरांनी दीड वर्षात एकदा पण बघितलं नाही. राग आलाय पण कोणावर काढू.
तरी मत बदललं नाही हं. सॅडल घासून एफ सोपा होईल, पण तिसरी तार १२ च्या सेटमधे गुंडाळलेली असते, तिच्यावर पूर्ण एका सुराचा बेंड माझ्यानं होत नाही. इलेक्ट्रिकवर ती साधी असते, लोण्यासारखी वर जाते. मला तेच हवंय. भरीत पार्टीला जुनी नेईन, विकतोय कुठं तिला.
अजून एक, रात्री ११ ला आई झोपली की अकॉस्टिकला हातच लावता येत नाही. इलेक्ट्रिक अ‍ॅम्पशिवाय किंवा हेडफोन लावून वाजवता येते. माझा रियाझ त्याच वेळेला होतो, दिवसा बागेत असतो.

तापीकाठचा:
हे आधी सांगायचं ना भो. रात्रीचं कारण मले पटलं, बाकीचं नाही.

भुसावळ_पाना_पक्कड:
१५ हजारात सगळे गिटारवरच उडवू नको, अ‍ॅम्पला आणि सेटअपला ठेव. माझ्याकडं एक जुनी हंबकरवाली पडून आहे, रविवारी ये, दोन तास वाजवून बघ मग ठरव. जुनीपण आण, सॅडल घासून देतो.

केळीपट्टा_रावेर:
येतो, सकाळच्या पॅसेंजरनं. तुमच्याकडं रविवारी लाईट कधी जाते तेवढं सांगा फक्त.