एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे दोन नट जाम, स्टड न तोडता कसे काढावेत?

प्रश्न: चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, हेड (सिलिंडरांवरचं झाकण) अ‍ॅल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड (सिलिंडरांमधला धूर एकत्र करून बाहेर नेणारा नळ्यांचा भाग) बिडाचं. दोघांमधलं गास्केट (गळती रोखणारी पातळ पट्टी) बदलायचंय, कारण इंजिन थंड असताना टिक-टिक आवाज येतो आणि तिसऱ्या पोर्टच्या (धूर बाहेर पडण्याच्या तोंडाच्या) कडेला काजळी धरलीय. एम८ चे (८ मिमी जाडीचे) आठ स्टड, म्हणजे हेडमध्ये बसवलेले आटेवाले दांडे; नटांना १३ची गोटी (सॉकेट) लागते. सहा नट निघाले. सातव्याचे कोपरे गोल झालेत. आठवा पाव फेरा आला, पण आता रबर पिळल्यासारखा लागतो आणि पाना सोडला की मागे जातो. गंज सोडवणारं तेल रात्रीच मारलंय. जोर लावू का?

उत्तर: अजिबात नको. नट फिरत नाहीये, स्टड पिळला जातोय. आणखी थोडा जोर लावलात तर तो हेडच्या तोंडाशीच तुटेल. आधी नट घट्ट करण्याच्या दिशेने किंचित फिरवून पीळ काढा. नटाबाहेरचे आटे तारेच्या ब्रशने लख्ख करा, कारण नटाला त्याच गंजावरून बाहेर यायचंय. मग तेल पुसून फक्त नट तापवा, मंद लाल होईपर्यंत. लाली गेली की सहाकोनी गोटीने थोडं सैल, थोडं घट्ट, असं करत काढा. अडकलाच तर पुन्हा तापवा. एक्झॉस्टवरच्या ऑक्सिजन सेन्सरची वायर आधी बाजूला घ्या. ब्रेक क्लीनर मारला असेल तर तो पूर्ण उडून जाईपर्यंत ज्योत लावू नका. क्लोरीनवाल्या क्लीनरचा तापून विषारी वायू होतो.

प्रश्नकर्ता: हेड वितळणार नाही ना?

उत्तर: ज्योत हेडवर रोखू नका, एवढं पाळा. अ‍ॅल्युमिनियम वितळण्याआधी लाल होत नाही, त्यामुळे डोळ्यांना अंदाज येत नाही. बारीक ज्योत नटाच्या बाजूवर धरा, स्टडच्या टोकावर नाही. नट फुगायला हवा, स्टड नाही.

दुसरं उत्तर: गोल झालेल्या नटावर १२ची सहाकोनी गोटी हातोडीने ठोकून बसवा. बाराकोनी घेऊ नका, उरलेले कोपरेही जातील. तरीही नाही जमलं तर नट छन्नीने उभा फोडा. स्टड खराब झाला तरी चालेल, तो नवाच घालायचाय.

स्टड तुटलाच आणि ३-४ मिमी बाहेर असेल, तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरा, बॅटरी आधी सोडून. वेल्डिंगच्या उष्णतेनेच पकड बरीच सुटते. हेडशी सपाट तुटला तर बरोबर मध्यावर पंच मारून उलट्या आट्याच्या ड्रिलने भोक पाडा. एक्स्ट्रॅक्टर (भोकात रुतवून तुटका तुकडा फिरवून काढायचं हत्यार) शेवटचा उपाय. तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याला चरत नाही.

बसवताना नवे स्टड, तांब्याचा मुलामा दिलेले नट आणि निकेलची अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) वापरा. नट मधल्यापासून बाहेरच्या दिशेने, दोन टप्प्यांत आवळा. टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलमधलाच घ्या. तो कोरड्या आट्यांसाठी दिलेला असेल तर अँटी-सीझ लावल्यावर थोडा कमी ठेवा, नाहीतर स्टड जास्त ताणला जातो.