मझल ब्रेक : खांद्याची कुबडी की डोळ्याची सोय?

ह्यूस्टनकर : ‘रायफलीच्या नळीच्या तोंडाला लावायचा, भोकांचा मझल ब्रेक म्हणजे धक्का न सोसणाऱ्यांची कुबडी आहे, दस्ता खांद्यात नीट बसवायला शिका, गरज उरणार नाही,’ असे मावळा३०८ यांनी काल लिहिले. ते वाचून गप्प बसणे मला जमले नाही. गोळी नळीबाहेर पडल्यावर जळालेल्या दारूचा वायू तिच्याहून अधिक वेगाने सुटतो आणि रायफल मागे रेटतो. ब्रेक तोच वायू आडवा वळवतो. ६.५ क्रीडमोर या काडतुसात १४० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचे छोटे माप) गोळीमागे साधारण ४२ ग्रेन दारू असते, म्हणजे एकूण रेट्यातला जवळपास एक तृतीयांश वाटा या वायूचाच असतो. तरीही मला ब्रेक खांद्यासाठी नव्हे, डोळ्यासाठी हवा आहे. ४०० यार्डांवर गोळी अर्ध्या सेकंदात पोचते. तेवढ्यात स्कोप, म्हणजे रायफलीवरची दुर्बीण, लक्ष्यावरून उडाला, तर ती डावीकडे पडली की उजवीकडे, हे सामन्याचे घड्याळ चालू असताना मी कोणाला विचारावे?

मावळा३०८ : हजार यार्डांवर दीड सेकंद मिळतो आणि ज्याची बैठक पक्की आहे, त्याला तेवढ्यात सगळे दिसते. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धेत ब्रेकला बंदी आहे, म्हणून तिथले नेमबाज आंधळे झालेले नाहीत. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातही ब्रेक चालत नाही.

ह्यूस्टनकर : कुसाळे यांचे पदक ५० मीटरवरचे आणि .२२ रायफलीचे आहे. त्या काडतुसात दारू चिमूटभर असते, मग ब्रेकने वळवायचे काय? बैलगाडीत एअरबॅग नसते, म्हणून मोटारीतली काढा असे म्हणण्यासारखे हे झाले.

लेथवाला : दोघेही ‘ब्रेक’ असे म्हणता, जणू तो एकाच प्रकारचा असतो. .५० कॅलिबरच्या बॅरेट रायफलीवरचा बाणाच्या टोकासारखा ब्रेक वायूला मागे फेकतो, म्हणून तो धक्का जबर खातो. पण तोच वायू मारणाऱ्याच्या तोंडाकडे येतो, आणि पुष्कळांची पापणी धक्क्याने नव्हे तर त्या झोताने मिटते. वरच्या बाजूला भोके ठेवली तर नळी वर उसळत नाही. खालच्या भोकांचा धडा मी स्वतः घेतला आहे. हौसेने चहूबाजूंनी भोके पाडलेला ब्रेक मी लेथवर केला आणि सुक्या मातीवर पालथे पडून पहिला बार काढला. समोर तपकिरी भिंत उभी राहिली, ती खाली बसेपर्यंत लक्ष्यही नाही आणि गोळीही नाही. दातांत कचकच मात्र संध्याकाळपर्यंत राहिली. ह्यूस्टनकर ज्या ‘डोळ्या’बद्दल बोलतात, तो चुकीच्या रचनेने असा जातो.

कानसेन : खांदा झाला, डोळा झाला; आता शेजाऱ्याच्या कानाचेही बोला. गेल्या हिवाळ्यात मी पत्र्याच्या छपराखाली बसलो असताना पलीकडच्या बाकावर एक गृहस्थ ब्रेक लावलेली .३०० विन मॅग ही दणकट काडतुसाची रायफल घेऊन आले. पहिल्याच बाराला माझ्या वहीचे पान उलटले आणि रिकामी काडतुसे बाकावरून घरंगळली. इअरप्लगवर इअरमफ चढवूनही त्या दिवसापासून उजव्या कानात एक रातकिडा मुक्कामाला आहे. १४० डेसिबलच्या वरचा एक बारही कानाला इजा करू शकतो आणि रायफल ब्रेकविनाच १६०च्या आसपास जाते. तुमची सोय माझ्या अंगावर का टाकता?

ह्यूस्टनकर : रेंजने बाक लांब ठेवले नाहीत, हा ब्रेकचा दोष कसा?

कानसेन : दुसऱ्याच्या कानाचा हिशेब नेहमी तिसऱ्याच्या नावावर टाकायचा, ही पद्धत मला ठाऊक आहे. सायलेन्सर का लावत नाही? अमेरिकेत १९३४च्या कायद्याने त्यावर बसवलेला २०० डॉलरांचा कर जानेवारी २०२६पासून शून्यावर आला, त्यामुळे ती सबबही उरली नाही.

लेथवाला : कर गेला तरी नोंदणी आणि परवानगी कायम आहे. शिवाय सायलेन्सर धक्का कमी करत असला तरी चांगल्या ब्रेकइतका नाही, आणि दहा-पंधरा बारांनंतर तो असा तापतो की स्कोपसमोरची हवाच लहरू लागते.

कानसेन : म्हणजे तुमची हवा लहरू नये, म्हणून माझा कान जावा!

मावळा३०८ : ४०० यार्डांचा मुद्दा मला मान्य करावा लागतो, उभ्याने, कठड्यावर टेकून मारताना बैठक कितीही पक्की असली तरी अर्ध्या सेकंदात सावरता येत नाही. मात्र ‘कुबडी’ हा शब्द मी मागे घेत नाही. ती खांद्याऐवजी डोळ्याला लागते, एवढीच माझी चूक होती.

कानसेन : ती घेऊन दोघांनीही टोकाच्या बाकावर बसावे, एवढी विनंती आहे.