शेतीची सबसिडी कोणी ठरवावी, प्रत्येक देशाने की युरोपियन युनियनने?

तिफण:
युरोपियन युनियनच्या शेती धोरणाबद्दल वाचतोय. १९६२ पासून तिथे सबसिडी एकत्र ठरते आणि अजूनही युनियनच्या बजेटचा साधारण एक तृतीयांश पैसा शेतीवरच जातो. पण फिनलंडची थंडी वेगळी, स्पेनचा दुष्काळ वेगळा, मग नियम ब्रसेल्समधून कशाला? ज्याचा शेतकरी त्याने बघावं ना?

माळरान:
बाजार एकच आहे हो, हे विसरून चालणार नाही. सीमेवर जकात नाही, दूध या देशातून त्या देशात सरळ जातं, उद्या जर्मनीने आपल्या तिजोरीतून लिटरमागे पैसे द्यायला सुरुवात केली तर लाटव्हियाचा शेतकरी तेवढंच राबूनही मार खाणार कारण त्याच्या सरकारकडे तेवढा पैसाच नाही. मग ज्याची तिजोरी मोठी त्याचंच दूध विकलं जाणार.

नांगरट:
माळरान, मुद्दा पटतो पण एकत्र असून तरी सगळ्यांना सारखं कुठे मिळालं? २००४ मध्ये पूर्वेकडचे देश आत आले तेव्हा त्यांच्या शेतकऱ्यांना थेट मदत जुन्या देशांच्या दराच्या २५ टक्क्यांपासून सुरू केली आणि पूर्ण दरापर्यंत यायला जवळपास दहा वर्षं लावली. हा सरळ अन्याय होता. आणि ८० च्या दशकातले लोण्याचे डोंगर? हमीभावाने घेतच राहिले, गोदामं भरली, मग सबसिडी देऊन माल बाहेर स्वस्तात विकला, त्यात गरीब देशांतला शेतकरी भरडला गेला. शेवटी १९८४ ला दुधावर कोटा, म्हणजे उत्पादनाची मर्यादा, आणावा लागला, तो २०१५ पर्यंत चालला.

माळरान:
हे खरंय, अन्याय झालाच. पण ब्रिटनकडे बघा. बाहेर पडल्यावर इंग्लंडने जमिनीवर मिळणारे पैसे टप्प्याटप्प्याने कमी केले, बदल्यात माती, पाणी, पक्षी जपायला पैसे. कल्पना मला मनापासून आवडते, पण मार्च २०२५ मध्ये त्यातल्या मुख्य योजनेचे नवे अर्ज एकाएकी बंद केले, कारण ठरवलेला निधी संपला. युनियनचं बजेट सात वर्षांचं असतं. ज्याला पुढच्या पाच वर्षांचं पीक ठरवायचंय त्याला हाच फरक जाणवतो.

तिफण:
म्हणजे पैसा एकत्र ठेवायचा पण खर्च कसा करायचा ते देशाने ठरवायचं? २०२३ पासून प्रत्येक देश स्वतःचा आराखडा करून मंजुरी घेतो, तसं?

नांगरट:
हो, मला तरी तेच बरं वाटतं. फक्त हेक्टरी दरातली तफावत आधी मिटवा, लाटव्हियासारख्या बाल्टिक देशांना अजूनही युनियनच्या सरासरीपेक्षा कमीच मिळतं.