एमएसमध्ये चालण्यातला फरक सेन्सरने दाखवता येतो का?

मीनल_प
माझ्या ताईला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मज्जातंतूंचा आजार) आहे. चालते स्वतःची स्वतः, पण थोडं लांब गेलं की उजवा पाय ओढायला लागते आणि चवडा जमिनीला घासतो. डॉक्टरांकडे २५ फूट चालायला लावतात, वेळ मागच्यासारखीच येते आणि फाइलवर "स्थिर" असं लिहिलं जातं. आम्हाला मात्र रोज दिसतंय की जिथपर्यंत ती आरामात जाऊन यायची तिथे आता मध्येच बसावं लागतं. आपलं म्हणणं कोणाला पटतच नाही असं तिला वाटायला लागलंय आणि ते बघवत नाही. घड्याळ किंवा पायाला लावायचे सेन्सर वापरून हे दाखवता येईल का? साधं स्मार्टवॉच पुरेल का, आणि नेमकं मोजायचं काय?

फिजिओ_सुजाता
मीनल, ताई म्हणतात ते पूर्ण शक्य आहे, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. २५ फूट म्हणजे ७.६२ मीटर, तेवढं अंतर माणूस जोर लावून नेटाने चालून जातो. चाचणी निरुपयोगी नाही, वेळेत साधारण २० टक्के फरक पडला तर तो महत्त्वाचा धरतात, पण दमल्यावर काय होतं ते तिच्यात दिसणारच नाही. एमएसमध्ये मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब झालेलं असतं, त्यामुळे तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवावा लागला की तो अडखळतो आणि म्हणूनच पाय सुरुवातीला नीट उचलला जातो, नंतर नाही.

पुढच्या वेळी ६ मिनिटं चालण्याची चाचणी घ्यायला सांगा, आणि पहिल्या मिनिटातलं अंतर वेगळं आणि शेवटच्या मिनिटातलं वेगळं लिहून घ्या. त्यात दोन्ही बुटांवर आणि कमरेच्या मागे सेन्सर लावले तर अजून कळतं: पावलाची लांबी कमी होतेय का, चवडा किती उचलला जातो, दोन्ही पाय एकदम टेकलेले असतात तो वेळ वाढतोय का, वळताना किती वेळ लागतो. मी सगळ्यात आधी डाव्या-उजव्यातला फरक बघते आणि एका पावलापासून दुसऱ्या पावलापर्यंतचा वेळ किती मागेपुढे होतो ते बघते, कारण वेग तोच दिसत असला तरी चाल बिघडतेय हे बऱ्याचदा तिथे आधी कळतं.

निशांत७
मला स्वतःला एमएस आहे म्हणून लिहितोय. घड्याळाचा उपयोग होतो पण दोन गोष्टी सांभाळा. काठी वापरत असतील तर घड्याळ काठीच्या हातात नको, तो हात झुलत नाही आणि पावलं मोजायची राहून जातात, वॉकर असेल तर दोन्ही हात धरलेले त्यामुळे मनगटावरचा आकडा जवळजवळ विसराच. दुसरं म्हणजे उष्णता. अंग थोडं जरी तापलं तरी आपले पाय जड होतात, याला उथॉफ फिनॉमेनन म्हणतात, आजार वाढला असा त्याचा अर्थ नाही. त्यामुळे एका दिवसाचा आकडा बघून घाबरू नका, आठवड्याची सरासरी बघा आणि बाजूला झोप, ताप, गरमी, नवीन औषध असं दोन शब्दांत लिहून ठेवा. आणि ताईला सांगा की आकडा कमी आला तर तो तिचा दोष नाही, हे मनापासून सांगतोय.

गेट_डेटा
मी चालण्याच्या सेन्सर डेटावर काम करतो. बाजारातल्या घड्याळांचे अल्गोरिदम मुख्यतः निरोगी माणसाच्या चालीवर बसवलेले असतात, चाल हळू झाली किंवा पाय घासत गेला की पावलाचा झटका इतका सौम्य येतो की ॲक्सेलरोमीटरला (झटके मोजणाऱ्या सेन्सरला) ते पाऊल वाटतच नाही. नडगीवर किंवा बुटावर जायरोस्कोप (फिरणं मोजणारा सेन्सर) असेल तर पाय पुढे फिरताना स्पष्ट दिसतो, म्हणून हळू चालणाऱ्यांसाठी पायावरचा सेन्सर बरा.

घरी मोजणं गंभीरपणे घेतलं जात नाही असं मात्र समजू नका. युरोपात २०१९ मध्ये मोबिलाइज-डी प्रकल्प सुरू झाला, त्यात एमएसही होता आणि कमरेवरच्या एका सेन्सरवरून लोकांचं रोजचं चालणं मोजलं. ड्यूशेन या स्नायूंच्या आजारात तर घोट्यावरच्या सेन्सरने मोजलेला वेग युरोपच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये औषधांच्या चाचण्यांसाठी मुख्य मोजमाप म्हणून मान्य केला. आजार वेगळा आहे, पण घरचं चालणं पुरावा म्हणून धरलं जातंय.

मीनल_प
सगळ्यांचे खूप आभार, ताईला वाचून दाखवलं. एक विचारायचं होतं, ती बाहेर जाताना घोट्याला स्प्लिंट लावते, घरात नाही. मोजताना लावायचा की काढायचा?

फिजिओ_सुजाता
रोज बाहेर जाताना लावतात ना, मग लावूनच मोजा, बूटही तेच ठेवा आणि तसं लिहून ठेवा. स्प्लिंटशिवाय बघायचं असेल तर ते फक्त क्लिनिकमध्ये, बाजूला कोणी धरायला असताना. मधेच पडल्या किंवा पडता पडता वाचल्या तर तेही तारखेसकट लिहा, सेन्सरला ते नेहमी पकडता येत नाही आणि डॉक्टरांना ते कळायलाच हवं.